धुळीचं काय करणार, साहेब?

त्याला सगळे 'जनता' म्हणत. खरे नाव त्याच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होते, पण तीही त्याला नुसती 'अरे' म्हणायची. कचेरीच्या पायऱ्यांवर उभा राहून शिपाई ओरडे, "जनता आली का?" आणि टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवणारा, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक जाडसर माणूस तिकडून उत्तर देई, "आली, आली! चहाचं तेवढं बघतेय."

धंद्याने तो मांडववाला. कापड, बांबू, खुर्च्या, माइक, कर्णे आणि नळ बसवलेले चहाचे दोन मोठे डबे एवढा त्याचा संसार. लग्ने, शोकसभा, उद्घाटने अशी किरकोळ कामे तो करायचा, पण त्याची खरी भाकरी पर्यावरणाच्या कायद्यावर भाजली जायची. हा कायदा ज्यांच्या पथ्यावर पडला, त्यांत कारखानदारांच्या खालोखाल याचाच नंबर लागेल.

कसे, ते सांगतो. मी इथल्या एका लहानशा दैनिकाचा बातमीदार आहे आणि अशा कितीतरी सभांमध्ये मी चहा प्यायलो आहे, म्हणून मला माहीत.

जगातले मोठे लोक अधूनमधून एखाद्या छानशा शहरात जमतात आणि पृथ्वी वाचवण्याचा करार करतात. हवेचा करार, ओझोनचा करार, पाणथळ जागांचा करार, विषारी कचऱ्याचा करार. सह्या होतात, फोटो निघतात, आणि करार त्या शहराच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. स्टॉकहोमचा, बाझलचा, माँट्रिअलचा, पॅरिसचा. आमच्या गावाच्या नावाचा करार अजून झालेला नाही. विश्रामगृहातले पंखे चालत नाहीत, हे कारण असावे. पण झालेले करार आमच्यापर्यंत पोचतात मात्र नक्की. राजधानीत कराराचा कायदा होतो, कायद्याचे नियम होतात, नियमांचे परिपत्रक होते, आणि परिपत्रक आमच्या गावच्या पर्यावरण कचेरीत आले की त्याच्या खुर्च्या आणि चहा होतात.

कारण कायदा म्हणतो, कारखाना काढायचा, डोंगर फोडायचा, भट्टी पेटवायची तर आधी आसपासच्या लोकांना भर सभेत विचारा. त्याला म्हणतात जनसुनावणी. कायदा चांगला आहे हो. मी टिंगल करतोय ती कायद्याची नाही. पण लोकांना विचारा म्हणणाऱ्या कायद्याने लोक आलेच नाहीत तर काय करायचे ते सांगितलेले नाही, आणि लोक येऊ नयेत याची काळजी तर आमची कचेरी मनापासून घेते. सूचना आमच्याच दैनिकात छापून येते, वधूवरांच्या जाहिरातींखाली, मुंगीच्या अक्षरात. सभा कामाच्या दिवशी, टळटळीत दुपारी. मग येणार कोण? कचेरीचे साहेब, कारखान्याचा सल्लागार, मी आणि मांडववाला.

अशाच एका रिकाम्या सुनावणीत तो जनता झाला. साहेब तेव्हा नवे होते. एकही माणूस नाही, एकही हरकत नाही, असा अहवाल वर गेला तर वरचे म्हणणार की तुम्ही सभा घेतलीच नाही. साहेबांचा चेहरा पडला. ते पाहून मांडववाल्याला कळवळा आला. त्याने बांबू धरलेले चार गडी खुर्च्यांवर बसवले, स्वतः माइकपाशी गेला आणि खाकरून म्हणाला, "धुळीचं काय करणार, साहेब?"

साहेब उजळले. म्हणाले, "झाडं लावणार!"

"मग माझं समाधान झालं," असे म्हणून त्याने टॉवेलने तोंड पुसले. टॉवेल दिसताच गड्यांना वाटले, मालकाने काहीतरी खूण केली. त्यांनी हात वर केले. प्रकल्प सर्वानुमते संमत झाला.

तेव्हापासून ती रीतच पडली. मांडवाच्या दरात हरकत आपोआप धरलेली असायची. गडी, गड्यांचे मेहुणे, आचारी, आचाऱ्याचा वाढपी असे सगळे खुर्च्यांवर. हरकती तीनच. धूळ, आवाज आणि पाणी. त्यांची उत्तरेही तीनच. झाडे लावू, भिंत बांधू, आणि पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाची यंत्रणा बसवू. या तिसऱ्या उत्तरातले 'आंतरराष्ट्रीय' ऐकले की जनता दोन पावले मागे सरकायचा, जणू साक्षात परदेशच समोर उभा राहिला. मग समाधान, मग टॉवेल, मग हात, मग माइक बंद, मग टाळ्या, मग चहा. टॉवेल तोंडाला लागला की माइकवाला गडी बटण दाबायचा, नंतर भलताच कोणी बोलायला उठू नये म्हणून.

हळूहळू त्याला कलेची नशा चढली. आवाजात कंप आणायचा, मध्येच बसून पुन्हा उठायचा. "आमच्या लेकराबाळांनी श्वास घ्यायचा तरी कसा?" हे वाक्य तो असे म्हणायचा की एकदा सल्लागाराच्या डोळ्यांत पाणी आले. जनताला स्वतःचे मूलबाळ नव्हते. बायकोही नव्हती. लेकरेबाळे त्याने धंद्यापुरती घेतली होती. दूरदूरच्या कचेऱ्या त्याला बोलावू लागल्या आणि तो जाईल तिथला रहिवासी होऊ लागला.

गंमत म्हणजे तो याला लबाडी समजत नसे. मला ऐकवायचा, "तुम्ही पेपरात नुसतं छापता. मी विचारतो. मी विचारलं नसतं तर त्या भट्टीपाशी एक तरी झाड लागलं असतं का?"

झाडे लागत, हे मात्र खरे. आणि ती यायची त्याच्याच बहिणीकडून.

त्याची ताई गावाबाहेर नाल्याच्या काठी रोपवाटिका चालवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवले. घरात एक भाकरी असेल तर ती त्याच्या ताटात, आणि तो अर्धी टाकून उठला तर ती अर्धी हिच्या. लग्नाचा विषय तिने स्वतःच एकदा काढला आणि स्वतःच मिटवला. वडिलांनी खणलेल्या विहिरीवर तिने वाफे केले, काळ्या पिशव्यांत रोपे वाढवली. रोज सकाळी पहिली घागर काढली की ती ओंजळभर पाणी पिऊन बघायची आणि मगच रोपांना घालायची. म्हणायची, "मला चाललं तर त्यांना चालेल."

कारखान्यांच्या हिरव्या पट्ट्यांसाठी रोपे तिच्याकडूनच जायची. तपासणीच्या आदल्या दिवशी ती पिशवीसकट मातीत पुरली जायची, तपासणी झाली की वाळायची, आणि पुढच्या तपासणीला त्याच खड्ड्यात नवी. ताईचा धंदा चांगला चालला होता, पण ती समाधानी नव्हती.

"पिशवी फाडून लावायला सांग रे त्यांना," ती भावाला म्हणायची. "मुळं गुदमरतात."

"सांगतो की. पुढच्या हरकतीत घेतो."

"तुझी हरकत म्हणजे आमच्या मांजराचं उपोषण. बशी समोर आली की संपलं."

तो खो खो हसायचा. ताईचे बोलणे त्याला लागत नसे, कारण ते त्याला कधी खरे वाटलेच नव्हते.

मग तो प्रकल्प आला. घातक कचऱ्याचे साठवण केंद्र. दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांचा रासायनिक गाळ पिंपांत भरून जहाजाने येणार आणि आमच्याकडे खड्ड्यात विसावणार. असला कचरा दुसऱ्याच्या दारात परस्पर टाकू नये, आधी त्याची संमती घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. म्हणजे कोणीतरी संमती द्यायची होती. कचेरीने जनताला फोन केला.

"मांडव कुठे घालू?" त्याने विचारले.

"नाल्याच्या अलीकडे. ती रोपवाटिका आहे बघ, तिच्या कुंपणाला लागून. जागेवरच घ्यायची आहे सभा."

तो तसाच माझ्याकडे आला. मी त्याला इतक्या वर्षांत प्रथमच चहाला नाही म्हणताना पाहिले. "कुंपणापलीकडे हो," तो म्हणाला. "तिच्या विहिरीपासून दगड मारला तर खड्ड्यात पडेल. तो गाळ झिरपला तर विहीर गेली. विहीर गेली की ताईचं राहिलं काय?"

मी म्हणालो, "नाल्याकाठची सगळी घरं सभेला आण. ताईंना बोलू दे. मी छापतो."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे निष्णात वैद्य घरगुती काढा सुचवणाऱ्याकडे बघतो. "लोक आले की ओरडतात. ओरडले की साहेब उठून जातात. मग बंद खोलीत सगळं मंजूर. हे काम पद्धतशीर करायचं असतं. सुनावणी मला आतून माहिती आहे. मीच हरकत घेणार. या वेळी खरी."

तो घरोघर फिरला. लोकांना म्हणाला, तुम्ही येऊ नका, मी आहे. लोकांना तेवढेच हवे होते. आपला माणूस आत आहे म्हणत जो तो आपल्या कामाला गेला.

ताई मात्र सभेच्या दिवशी धुतलेले लुगडे नेसून, केस विंचरून कुंपणापाशी उभी होती. मी तिथेच होतो.

"मी येते," ती म्हणाली. "चार शब्द मलाही येतात."

"तू नको ताई. तुला माइकची सवय नाही. घाबरशील."

"मी? अरे, नाल्याला पूर आला तेव्हा तुला पाठीवर घेऊन कोण पोहलं?"

"ते वेगळं. इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं फिसकटेल. माझ्यावर सोड. आजवर माझी एक तरी हरकत वाया गेलीय का?"

ताईने कुंपणावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरं," आणि आत जाऊन रोपांना पाणी घालू लागली. मला तेव्हाच त्याला धरून गदागदा हलवावेसे वाटले.

गड्यांना त्याने काहीच सांगितले नाही. मी आठवण केली तर म्हणाला, "त्यांना कशाला गोंधळात पाडू? आज टॉवेलला हातच लावणार नाही. खूण नाही, तर हात नाही. प्रश्न मिटला."

टॉवेल घरी ठेवावा, हे त्याला सुचले नाही. मलाही नाही. तो टॉवेल त्याच्या खांद्यावर नाही, असे चित्रच कधी डोळ्यांसमोर आले नव्हते.

सभा सुरू झाली. सल्लागाराने पडद्यावर हिरवी पृथ्वी दाखवली आणि करारांची नावे अशी घेतली की ऐकणाऱ्याला वाटावे, हा ही सगळी शहरे पायी फिरून आलाय. शेवटी म्हणाला, "लोकांची संमती घेऊन जो येतो त्याला आम्ही कचरा म्हणत नाही. तो कच्चा माल." साहेबांनी मान डोलावली. त्यांची आता निवृत्ती जवळ आली होती आणि मानेला डोलायची सवय झाली होती. त्यांनी घड्याळ पाहिले आणि प्रेमाने विचारले, "कोणाची काही हरकत?"

जनता उठला. माइक धरला. मी त्याला हा माइक शेकडो वेळा धरताना पाहिले असेल, पण न खाकरता बोलताना आज पहिल्यांदा पाहिले.

"साहेब, हे केंद्र इथे नको," तो म्हणाला. "हे कुंपण दिसतंय ना, ते माझ्या बहिणीचं आहे."

साहेब सल्लागाराकडे झुकून हळूच म्हणाले, "आज बहीण आणलीय." सल्लागार हसला. मग साहेब मोठ्याने म्हणाले, "आपण झाडं लावणार आहोत."

"झाडांचं नाही साहेब! विहिरीचं बोलतोय. पाणी नासेल."

"पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाची..."

"मला यंत्रणा नको! साहेब, ही खरी हरकत आहे. धंद्याची नाही. तुमच्या पाया पडतो, ही खरी आहे!"

खुर्च्यांवर कुजबूज झाली. आचारी शेजाऱ्याला म्हणाला, "काय रंगलाय बघ आज मालक." एकाने शिट्टी घातली. साहेबांचे डोळे कौतुकाने भरून आले. त्यांना वाटत होते, आपली निवृत्ती जवळ आली म्हणून हा गडी खास आपल्यासाठी जीव तोडून करतोय.

जनताने इकडेतिकडे पाहिले. धूळ, आवाज आणि पाणी यांपलीकडे त्याने आयुष्यात काही मागितलेच नव्हते, आणि जे मागितले त्याला नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. कुंपणापलीकडे पाठमोरी ताई दिसत होती. पोहऱ्याने पाणी घालत होती. त्याला रडू कोसळले. मोठा माणूस, अगदी लहान मुलासारखा हुंदके देत रडला.

आणि त्याने टॉवेलने तोंड पुसले.

सगळे हात एकदम वर गेले.

"अरे खाली! हात खाली करा रे!" तो ओरडला. पण माइकवाल्या गड्याने बटण दाबले होते, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. कधी नव्हे एवढ्या टाळ्या. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो की हा मनुष्य खरे बोलतोय. साहेब म्हणाले, "पत्रकारांसाठी चहा वेगळा ठेवलाय, बसा."

निघताना त्यांनी जनताची पाठ थोपटली. "कमाल केलीत. क्षणभर आम्हालाही खरं वाटलं."

मी सगळे जसेच्या तसे लिहून दिले. संपादकांनी मथळा घातला, 'जनसुनावणीत भावनिक क्षण; प्रकल्पास एकमुखी पाठिंबा'. मला राग आला. साहेबांचा आला, संपादकांचा आला, पण सगळ्यात जास्त त्या मूर्खाचा आला, ज्याने नाल्याकाठच्या तीस घरांची तोंडे आपल्या एका तोंडासाठी बंद ठेवली आणि ऐन वेळी ते तोंड पुसत बसला.

खुर्च्या टेम्पोत चढल्यावर तो कुंपणापाशी गेला. ताईने विचारले, "बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"झाडं लावणार."

"कुणाकडून घेणार?"

त्याने कुंपणाआतल्या काळ्या पिशव्यांकडे पाहिले. ताईने पोहरा खाली ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतले.

केंद्र झाले. पिंपे आली. भिंत उंच आणि फार सुरेख बांधली, तिच्यावर पृथ्वीचे चित्र काढले. वर्ष सरता सरता एके सकाळी ताईने ओंजळीतले पाणी तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. महिनाभरात वाफे पिवळे पडले. कचेरीने तपासणी केली आणि विहिरीवर लाल रंगात फुली मारली. पिण्यास अयोग्य. गाळ कुठून आला, ते तपासण्यासाठी एक समिती नेमली.

दरम्यान केंद्राला हिरवा पट्टा दाखवायचा होता. हरकतीच्या उत्तरात दिलेला शब्द होता तो, मोडून कसे चालेल? ताईकडे जी काही रोपे वाचली होती ती त्यांनी उचलली. लावायच्या दिवशी मी गेलो होतो. जनता स्वतः खड्ड्यांपाशी बसून एकेक पिशवी फाडत होता. कोणी सांगितले नव्हते. इतक्या वर्षांत प्रथमच ती झाडे नीट लागत होती.

पाण्याचा टँकर लांबून आला. विहिरीचे पाणी रोपांना चालणार नाही, असे केंद्राच्या माणसानेच लिहून दिले होते. ताई घागर घेऊन टँकरपाशी गेली.

"एवढी भरून दे बाबा. घरात प्यायला नाही."

टँकरवाला भला माणूस होता. तो ओशाळला. "मावशी, हे झाडांचं पाणी आहे. माणसांना द्यायची परवानगी नाही. माणसांसाठी वेगळा टँकर मंजूर करावा लागतो."

"मग करा की मंजूर."

"त्याला आधी सुनावणी लागते."

ताई रिकामी घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. मग भावाकडे वळली. गेले वर्षभर ती त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती.

"सुनावणीला खुर्च्या तूच आणणार ना?"

"हो," तो खाली बघत म्हणाला.

"मग एक माझी ठेव. पुढची. आणि नाल्याकाठच्या सगळ्यांना सांग, आपापली खुर्ची घरून आणा म्हणावं. तुझी माणसं नकोत."

"मी काय करू, ताई?"

"तू चहा कर."

त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले, हात सवयीने खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने टॉवेल काढून ताईच्या हातात दिला. तिने त्या टॉवेलला आपल्या हातांची माती पुसली आणि तो कुंपणावर वाळत टाकला.